जुन्या पिकअपने हवा धरली तर

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात आसपासच्या खेड्यांतील तोडणी पोत्यांत भरून या बाजारी येते आणि व्यापारी ती दूरदूरच्या शहरांकडे रवाना करतात. तोडलेली मिरची ही निर्जीव वस्तू नव्हे. तिचा श्वासोच्छ्वास चालूच असतो. गच्च भरलेल्या पोत्यांत ती तापते, देठ काळवंडतात व फळ नरम पडते. अशा मालाची गाडी वाटेत अडकली, तर पोहोचल्यावर पडेल तो दर पत्करावा लागतो आणि तोडणीची मजुरी मात्र पूर्ण द्यावी लागते. म्हणून ज्या जुन्या डिझेल पिकअपवर हा सारा व्यवहार अवलंबून असतो, तिच्या इंधनमार्गाची ओळख शेतकरी बंधूंना असणे अगत्याचे आहे.

तशी ही ओळख अगदीच नवी नाही. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. पुढे विहिरीवरच्या ऑईल इंजिनाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांस डिझेलची विद्या शिकविली. इंजिनाने हवा धरली की फिल्टरचा स्क्रू सैल करावा, फेस जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत थांबावे व स्क्रू कसावा, हे जुन्या पिढीतील शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नसे. परंतु हाच अनुभव पिकअपच्या बाबतीत एके ठिकाणी फसवा ठरतो. ऑईल इंजिनाची टाकी पंपाच्या वर बसविलेली असते. डिझेल स्वतःच्या भाराने खाली येते. नळीस चीर पडली तर तेथून थेंब गळतात आणि दोष डोळ्यांस दिसतो. पिकअपची टाकी चौकटीखाली, पंपापेक्षा खालच्या पातळीवर असते. तेथून फीड पंप डिझेल ओढून घेतो. टाकी ते फीड पंप या टापूत इंजिन चालू असताना नळीच्या आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे या भागातील चीर डिझेल गळू देत नाही. ती हवा आत घेते. नळी वरून कोरडी ठणठणीत दिसते, मालक ‘गळती कोठेच नाही’ म्हणून निश्चिंत होतो, आणि नेमका दोष तेथेच दडलेला असतो.

एवढीशी हवा इंजिनास बंद का पाडते? नोझल उघडण्यास वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाब लागतो. डिझेल दाबले जात नाही, म्हणून पंपाचा दट्ट्या सरकताच हा दाब निर्माण होतो. हवेचा बुडबुडा मात्र दाबला की आकसतो. दट्ट्याचे सारे बळ त्याला आकसविण्यात खर्ची पडते व नोझल मिटलेलेच राहते.

गाडी सुरू होत नसेल तर प्रथम धुराच्या नळकांड्याकडे पाहावे. सेल मारताना पांढरट धूर येत असेल, तर डिझेल आत पोहोचत आहे पण जळत नाही, असे समजावे. धुराचा मागमूसही नसेल तर डिझेल पोहोचतच नाही. त्या वेळी इंजिन बंद करण्याची तार पूर्ण मागे आली आहे ना, हे आधी तपासावे. या क्षुल्लक कारणासाठी अर्धे इंजिन खोलल्याचे प्रकार घडतात.

त्यापुढचा शोध टाकीकडून इंजिनाकडे, म्हणजे स्वस्त भागाकडून महाग भागाकडे, न्यावा. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. गाडी मार खाऊ लागली की पहिला संशय पंपावर व नोझलवर घेतला जातो, ते काढून शहरात पाठविले जातात आणि मोठा खर्च करून परत आल्यावरही गाडी पूर्ववत बंद पडते. काही किलोमीटर गेल्यावर गाडी थांबते, थोड्या वेळाने आपोआप सुरू होते, आणि टाकीचे झाकण उघडताच आत हवा शिरल्याचा आवाज येतो, असे असेल तर झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बुजले आहे. रिकामी गाडी चांगली पळते पण माल भरल्यावर चढाला दम तोडते, तेव्हा फिल्टर तुंबल्याचा संशय घ्यावा. सकाळी सुरू होण्यास फार वेळ लागतो व दिवसभर तक्रार नसते, अशा गाडीत रात्रीतून हवा शिरून डिझेल टाकीकडे परत उतरते.

दोष टाकीच्या बाजूस आहे की पुढे, याचा निर्णय एका साध्या प्रयोगाने होतो. स्वच्छ डिझेलचा डबा पंपापेक्षा उंच जागी घट्ट बसवावा व त्यातून एक नळी थेट फीड पंपास जोडावी. गाडी जागेवरच चालवून पाहावी. ती सुरळीत चालली तर पंप व नोझल निर्दोष आहेत. टाकी, तिच्यातील जाळी व ओढनळी तपासावी. फीड पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी बसविल्यास बुडबुडे प्रत्यक्ष दिसतात. सांध्यांवरील तांब्याचे वायसर चपटे झाले असल्यास नवे घालावेत. जुन्या रबरी कड्यांकडेही लक्ष द्यावे. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचे डिझेल सुरू झाले, तेव्हा जुन्या पंपांतील कड्या आकसून गळती लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत १० भागांपर्यंत मर्यादित केलेले आहे.

हंगाम संपल्यावर अर्धी टाकी ठेवून उभ्या केलेल्या गाडीत दमट हवेतील बाष्प टाकीच्या भिंतींवर निवते व पाणी तळाशी साचते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत नमुना घ्यावा. थोड्या वेळाने पाणी खाली स्वच्छ वेगळे दिसते. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसवू नये. नवा फिल्टर कॅनमधील डिझेलने वरून भरून बसविण्याची चालही सोडावी, कारण तो कचरा गाळला न जाता थेट पंपात जातो. पंपातील दट्ट्याची मोकळीक मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच असते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे तर काटकसर नव्हेच. ते बेकायदेशीर आहे, आणि वंगण कमी पडून पंप झिजतो तो वेगळाच.

हवा काढताना प्रथम फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा. फेस थांबला की डिझेल वाहत असतानाच स्क्रू कसावा. मग इंजेक्शन पंपावरील स्क्रूची हीच क्रिया करावी. तरीही इंजिन सुरू न झाल्यास नोझलकडील नट अर्धा फेरा सैल करून सेल मारावा व डिझेल येताच कसावा. सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये. बॅटरीस मध्ये विसावा द्यावा. नोझलमधून सुटणारी फवार कातडी भेदून आत शिरते. टाचणी टोचल्यासारखी खूण दिसली तरी तत्काळ मोठ्या दवाखान्यात जावे, मलम लावून थांबू नये. नव्या कॉमन रेल गाड्यांना यातील नट सोडण्याची कृती मुळीच लागू नाही. त्यांतील दाब कित्येक पट असतो.

तोडणी सुरू होण्यापूर्वी एक नवा फिल्टर, तांब्याच्या वायसरांची पुडी, वीतभर पारदर्शक नळी, दोन पकडपट्ट्या आणि योग्य मापाचे पाने एका कापडी पिशवीत बांधून चालकाच्या आसनाखाली ठेवावेत.