यंत्र तेच, झोप निराळी

घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असा आपल्याकडचा पिढीजात समज. आमच्या घरात तर दोन कुंभकर्ण होते. एक मी आणि दुसरा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा दादा. लग्नकार्यात आम्हा दोघांच्या गाद्या मुद्दाम एका कोपऱ्यात घालत आणि सकाळच्या चहाला आमच्या घोरण्याच्या नकला होत. त्या घोरण्यात मधूनमधून श्वासच थांबतो, हे कळायला मात्र आम्हाला पन्नाशी उलटावी लागली.

स्लीप अ‍ॅप्निया हे त्या विकाराचे नाव. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागा करतो. श्वास थांबण्याचे वा मंदावण्याचे असे प्रसंग तासाला ३० किंवा अधिक झाले की विकार तीव्र समजतात. माझा आकडा ३८ निघाला, दादाचा ३६.

दोघांनाही उपाय एकच सांगितला गेला, सीपॅप यंत्र. नाकावरच्या मुखवट्यातून ते दाबाने हवा सोडते आणि घशाची वाट उघडी ठेवते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत जगापुढे मांडली. त्याआधी तीव्र रुग्णाच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवावी लागे.

आठवडाभरात मला जणू नवे डोके मिळाले. दुपारची पेंग गेली. दादाचा मुखवटा मात्र मध्यरात्रीच उशाशी पडलेला असे आणि दुपारी हातातले वर्तमानपत्र गळून पडे. एकदा वहिनींदेखत मी त्याला सुनावले, ‘‘तू मनावरच घेत नाहीस!’’ तो एवढेच म्हणाला, ‘‘तुला त्यात झोप लागते रे. मला जाग येते.’’ मला तो बहाणा वाटला.

पुढे वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो, तेव्हा उमगले की आकडा सारखा असला तरी कारणे सारखी नसतात. डॅनी एकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ती चार प्रकारांत मांडली. कोणाची घशाची वाटच अरुंद किंवा लेचीपेची असते. कोणाचे घशाचे स्नायू झोपेत पुरेसे सावरत नाहीत. कोणाच्या श्वासाचे नियंत्रण जरा बिघाड होताच वाजवीपेक्षा जास्त उसळते. आणि कोणाची झोपच इतकी सावध, की जराशा अडथळ्याने मोडते. अशा माणसाला मुखवटा आणि हवेचा दाब सोसणे जड जाऊ शकते. दादाचे उत्तर बहाणा नव्हते, ते लक्षण होते.

तो एकटाही नव्हता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत २,७०० हून अधिक हृद्रोगी व पक्षाघाताचे रुग्ण होते. यंत्र दिलेल्यांचा सरासरी वापर रात्री साडेतीन तासांचाही नव्हता. दिवसाची पेंग कमी झाली, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात काही घटले नाहीत. शिवाय यंत्र नीट वापरूनही काहींची पेंग हटत नाही, ती वेगळीच.

दादाच्या डॉक्टरांनी मग मुखवट्याचे माप बदलले, त्याला कुशीवर झोपायला सांगितले आणि खालचा जबडा किंचित पुढे धरणारे, दातांवर बसवायचे साधन दिले. इतर काहींना वजन उतरवून बराच गुण येतो. लठ्ठ रुग्णांसाठी टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यताही मिळाली.

दादा माझ्याइतका ताजातवाना झालेला नाही. पण दुपारचे वर्तमानपत्र आता शेवटच्या पानापर्यंत वाचून होते. वहिनींदेखत सुनावले होते, म्हणून माफीही त्यांच्यादेखतच मागितली. यंत्र उशाशी पडून असलेला असा कोणी तुमच्या घरात असेल, तर त्याला बोल लावण्याआधी एवढेच विचारा, ‘‘तुला नेमके काय होते?’’ आणि त्याचे उत्तर डॉक्टरांच्या कानावर घाला.