पावसाळी पदभ्रमणात स्थलनिर्देशक नकाशा : नाटे परिसराचे उदाहरण

कोकणात पावसाळ्यात क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न नकाशा कोरडा कसा ठेवावा हा असतो. प्रश्न योग्य आहे, पण तो अर्धाच आहे. कागद पावसातून वाचविला तरी त्यावर रेखाटलेली भूमी पावसाळ्यातील नसते, ही दुसरी अडचण अधिक गंभीर होय. राजापूर तालुक्यातील नाटे व भोवतालचा सडा यांच्या आधारे या दोन्ही बाजूंचा येथे विचार करावयाचा आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकनानुसार नाटे ४७ एच/६ या धरातलपत्रकात येते. त्याचे प्रमाण १:५०,०००, म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर अंतर नकाशावर २ सेंटिमीटर भरते. पत्रक अक्षांश व रेखांश यांची प्रत्येकी १५ मिनिटे व्यापीत असल्याने येथे त्याचा आकार सुमारे ५३ × ५५ सेंटिमीटर होतो. एवढा कागद सड्यावरच्या वाऱ्यात उलगडणे म्हणजे शीड उभारण्यासारखेच आहे. किनारपट्टीची पत्रके दीर्घकाळ निर्बंधित होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुली मालिका निर्माण झाली आणि २०१७ पासून त्या मालिकेतील पत्रके नोंदणी करून संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येऊ लागली. मात्र या सोयीबरोबरच ओलाव्याचा प्रश्न तीव्र झाला, कारण नकाशा आता बहुधा घरीच छापला जातो. शाईचे थेंब फवारणाऱ्या यंत्रांतून निघालेल्या साध्या रंगीत प्रतीची शाई पुष्कळदा पाण्यात विरघळणारी असते. पहिल्याच सरीत समोच्च रेषांचा तपकिरी रंग आणि ओढ्यांचा निळा रंग एकमेकांत मिसळून जातात. लेसर यंत्रातील भुकटी उष्णतेने कागदावर वितळून बसते, म्हणून ती प्रत तुलनेने टिकते. तथापि कागद फुगतो, घडीवर फाटतो, आणि फुगलेल्या कागदावर मोजलेले अंतरही काटेकोर राहत नाही.

पूर्वी पत्रकाचे तुकडे कापून, घडीपुरती फट ठेवून, ते कापडावर चिकटवीत. घडीवर कागदच नसल्यामुळे तो फाटत नसे, हा त्यातील मर्माचा भाग. पण ओलावा त्यानेही अडत नसे. दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पापुद्रा चढविणे, म्हणजे लॅमिनेशन, हा आजचा प्रचलित मार्ग आहे. तो स्वीकारताना कागदाच्या कडेपलीकडे पापुद्र्याचा काठ राखला पाहिजे. काठ कापून टाकल्यास केशाकर्षणाने पाणी आत शिरते आणि मग बाहेर निघत नाही. शिवाय गुळगुळीत पृष्ठावर पेन्सिल चालत नाही. पॉलिप्रॉपिलीनसारख्या पदार्थाचा कृत्रिम कागद पाणी शोषीत नाही व खरखरीत पृष्ठाचा असल्यास पेन्सिलही घेतो. क्षेत्रकार्यास तोच श्रेयस्कर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अडचणीच्या वेळी लेसर प्रत, पारदर्शक पिशवी आणि दोरी एवढ्यावरही काम भागते.

आता नकाशातील मजकुराकडे वळू. सर्वेक्षकांचा क्षेत्रीय हंगाम परंपरेने पावसाळ्यानंतरचा. पावसाळ्यात ते मुक्कामी परतून रेखाटन करीत. त्यामुळे पत्रकात दिसते ती कोरड्या ऋतूतील भूमी. पारंपरिक पत्रकांत पाणी असलेले प्रवाह निळे, तर कोरडे पडणारे प्रवाह काळे दाखविले जातात. आता नाट्याहून पश्चिमेस आंबोळगडाकडे सड्यावरून निघालेल्या पदयात्रिकाची कल्पना करावी. उन्हाळ्यात ज्या काळ्या रेषा तो सहज ओलांडील, त्याच जुलैत गढूळ पाण्याचे वेगवान वहाळ असतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षास ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याच्या उघड्या कातळावर माती जवळजवळ नाहीच, म्हणून सरीचे पाणी लगोलग वहाळात उतरते. नकाशात पायवाट दिसते. तिच्यावरचा साकव या वर्षी घातला आहे की वाहून गेला, हे गावात विचारूनच कळावयाचे.

समोच्च रेषांचेही तसेच. त्यांतील अंतर २० मीटर आहे. सड्याची कड जेथे दहा-बारा मीटर तुटलेली असते, तेथे तो कडा दोन रेषांच्या मधोमध पडून नकाशावर उतार सौम्यच भासू शकतो. धुक्यात या कडेशी जाऊन पोचणे धोक्याचे आहे. खाडीकाठी यशवंतगडाखालून चालताना वेगळीच अडचण येते : किनाऱ्याची रेषा स्थिर छापलेली असते, पाणी मात्र उधाणाला व भांगाला निरनिराळ्या ठिकाणी असते.

म्हणून निघण्यापूर्वी आपल्या मार्गापुरता भाग कापून घ्यावा, काळ्या प्रवाहरेषांपैकी मार्ग छेदणाऱ्या सर्व रेषा रंगाने ठळक कराव्यात, आणि गावकऱ्यांकडून कळलेले उतार, साकव व कडे यांच्या खुणा त्यावर कराव्यात. भरतीच्या वेळा मागील बाजूस लिहाव्यात.

होकायंत्राविषयी एक सूचना आवश्यक आहे. धुक्यात सारा भरवसा सुईवर असतो, आणि जांभा हा लोहयुक्त दगड आहे. याच तालुक्यातील देवाचे गोठणे येथील सड्यावर कातळशिल्पाजवळ सुई विचलित होते, असे आढळले आहे. तेव्हा एका जागी घेतलेली दिशा पन्नास-साठ पावले पुढे जाऊन पुन्हा ताडून पाहावी, आणि दोन्ही वाचने नकाशावर त्या त्या जागी नोंदवून ठेवावीत.