कीर्तिमंदिराचें दार



खेळाडू निवृत्त झाला म्हणजे त्याचा खेळ संपतो. रसिकांचा वाद मात्र तेव्हांच रंगूं लागतो. अमक्याचा गौरव झाला, मग तमक्याचा कां नाहीं? मुंबईच्या मैदानांपासून नंदुरबारच्या चौकापर्यंत क्रिकेटवेडीं माणसें हा प्रश्न हिरीरीनें विचारतात. हा वाद कोणत्या मापानें तोडावा, याचा आज विचार करूं.

अमेरिकेंत बेसबॉलसाठीं कूपर्सटाउन या गांवीं एक कीर्तिमंदिर आहे. त्याची पहिली निवड १९३६ सालीं झाली. खेळाडूनें निदान दहा हंगाम खेळलेले असावे, निवृत्तीस पांच वर्षें लोटावीं आणि मत देणाऱ्या क्रीडालेखकांपैकीं शेंकडा ७५ जणांनीं त्याला पसंत करावें, असा तेथील नियम. पांच वर्षांची अट शहाणपणाची आहे. टाळ्यांचा आवाज विरल्यावरच गुणांचें वजन नीट करतां येतें. पण या तराजूंत एक उणीव होती. विसाव्या शतकांत १९४७ पर्यंत प्रमुख संघांचीं दारें कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होतीं. सॅचेल पेज हा थोर गोलंदाज त्या संघांत शिरला तो १९४८ सालीं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं! त्यानें दहा हंगाम आणावे कोठून? अखेर स्वतंत्र समिती नेमावी लागली व तिनें १९७१ सालीं त्याची निवड केली.

आपल्याकडील चित्र निराळें नाहीं. पाळवणकर बाळू यांनीं १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले. परंतु अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींत जन्मल्यामुळें हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांना लाभलें. भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ सालीं. तोंवर बाळूंचा काळ सरला होता. पद्माकर शिवलकरांची अडचण वेगळी. त्यांच्याच काळांत त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी संघांत होते. शिवलकरांनीं प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, १९७२–७३ च्या रणजी अंतिम सामन्यांत तर अवघ्या ३४ धावांत १३. तरी कसोटी सामना त्यांना एकही मिळाला नाहीं.

अशा वेळीं केवळ कसोटी सामने मोजणें म्हणजे खेळाडूचा गुण न मोजतां त्याची संधि मोजणें होय. मात्र हळहळ हेंही माप नव्हे. जे सामने मिळाले त्यांत त्यानें काय केलें, समोर कोण होतें, आणि दार बंद राहिलें तें त्याच्या उणिवेमुळें कीं इतर कारणानें, हे तीन प्रश्न विचारावे. या कसोटीला बाळू व शिवलकर दोघेही उतरतात.

क्रिकेट मंडळानें २०१७ सालीं शिवलकर व हरियाणाचे राजिंदर गोयल यांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. गोयल २०२० सालीं आणि शिवलकर २०२५ सालीं निवर्तले. सन्मान त्यांनीं स्वहस्तें स्वीकारला, हें समाधान. बाळू १९५५ सालींच गेले. न्याय करावयाचा तर तो माणूस ऐकूं शकतो तोंवर करावा, एवढेंच या वादाच्या निमित्तानें सांगावेंसें वाटतें.