लोकल सुटते तेव्हा घड्याळाचं काय होतं?

आज गप्पा लोकलच्या, आणि लोकलवरून थेट आपल्या शेताच्या बांधापर्यंत.

गटाचा माल विकायला म्हणा, लेकीकडे म्हणा, तुमच्यातल्या बऱ्याच जणी मुंबईला जाऊन आल्या असतील. बोरिवलीहून अंधेरीकडे फास्ट लोकल निघाली, की लेडीज डब्यात उभ्या असलेल्या सगळ्या जणी मागे कलतात. गाडीनं एकदा वेग धरला, की कुणी भाजी निवडतं, कुणी डुलकी काढतं. ब्रेक लागला, की पुन्हा सगळ्या पुढे झुकतात. म्हणजे गाडी किती जोरात चालली आहे हे अंगाला कळतच नाही. वेग वाढला किंवा कमी झाला, तेवढंच कळतं.

आता एक गंमत बघा. बंद गाडीत अर्धी भरलेली पाण्याची बाटली धरा. गाडी वेग घेते तेव्हा पाणी मागच्या बाजूला चढतं. पण जत्रेत मिळणारा गॅसचा फुगा दोरीला बांधून धरलात, तर तो पुढे कलतो! असं का? जमिनीवर जड वस्तू खाली जाते आणि हलका फुगा वर जातो. वेग घेणाऱ्या गाडीत जड ते मागे जातं आणि हलकं ते पुढे. म्हणजे गाडीतल्या माणसांसाठी मागची बाजू थोडी ‘खाली’ होते आणि पुढची थोडी ‘वर’. म्हणून तर गाडी सुटताना कडी धरायची. त्या क्षणी पायाखालची जमीन जणू चढाची झालेली असते.

अल्बर्ट आइनस्टाइन हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरीला होते. १९०७ साली त्यांच्या मनात विचार आला, की हे नुसतं सारखं दिसणं नाही. बंद खोलीत तुमच्या पायांवर भार येतोय. तो पृथ्वीच्या ओढीचा आहे, की कुणी ती खोली वाढत्या वेगानं वर खेचत आहे, हे आत बसून ओळखता येणार नाही. मग जे वेग घेणाऱ्या गाडीत घडतं, तेच पृथ्वीच्या ओढीतही घडायला हवं.

आता घड्याळाकडे येऊ. लोकलच्या पुढच्या टोकाला मोटरमन, मागच्या टोकाला गार्ड. समजा, मोटरमन दर सेकंदाला मागे बॅटरीचा एक झोत टाकतो. प्रकाशाला गार्डपर्यंत पोचायला इवलासा का होईना, वेळ लागतो. तेवढ्या वेळात गाडीचा वेग वाढलेला असतो, म्हणजे गार्ड झोताला जास्त वेगानं सामोरा जातो. आपल्याकडे कुणी ठरावीक वेळानं चेंडू टाकतंय आणि आपण त्या दिशेनं धावत सुटलो, तर चेंडू लवकर लवकर हाती येतील, तसंच. त्यामुळे गार्डला झोत सेकंदापेक्षा किंचित कमी अंतरानं दिसतात. तो म्हणेल, पुढचं घड्याळ जलद चाललंय. उलट गार्डनं झोत टाकले, तर ते मोटरमनला उशिराउशिरानं मिळतील. तोही म्हणेल, मागचं घड्याळ हळू आहे. दोघांचं एकमत! आणि घड्याळात बिघाड काहीच नाही. पुढे आणि मागे वेळच वेगळा चालतो.

हा फरक किती? गाडी अडीचशे मीटर लांब आहे आणि तिचा वेग दर सेकंदाला ताशी दोन किलोमीटरनं वाढतोय असं धरू. असा वेग सतत वाढत राहिला, तरी एका सेकंदाचा फरक पडायला साधारण दोन कोटी वर्षं लागतील. म्हणून आपल्याला तो कधीच जाणवत नाही.

पण पुढची बाजू म्हणजे ‘वरची’ बाजू, हे आपण पाहिलं. त्या हिशोबानं मुलुंडच्या उंच इमारतीत वरच्या मजल्यावरचं घड्याळ तळमजल्यावरच्या घड्याळापेक्षा किंचित जलद चालायला हवं. तसं ते चालतंही. १९६० साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात साडेबावीस मीटर उंचीवर हा परिणाम मोजला गेला. २०१० साली तर अतिशय अचूक घड्याळांनी फक्त ३३ सेंटीमीटरच्या चढउताराचा फरक पकडला. जिन्याच्या दोन पायऱ्यांएवढाच तो!

तुम्ही म्हणाल, याचा आम्हाला काय उपयोग? तर ऐका. मोबाईलचा नकाशा ज्या जीपीएस उपग्रहांवर चालतो, ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथलं घड्याळ उंचीमुळे दिवसाला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या ४५ पट पुढे जातं, आणि उपग्रहाच्या वेगामुळे तसेच ७ भाग मागे पडतं. वजा जाता ३८ भाग पुढे. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरच्या वर जातो. वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाणारी मेट्रो आहे ना, ती ११.४ किलोमीटरची. हा फरक सोडून दिला, तर उपग्रहापासूनच्या अंतराच्या हिशोबात रोज जवळपास तेवढी चूक साठत जाईल. म्हणून ही घड्याळं वर पाठवण्याआधीच तेवढी हळू लावून ठेवतात. आपल्या देशाची ‘नाविक’ ही उपग्रहांची व्यवस्थाही अशाच घड्याळांवर चालते. २९ मे २०२३ ला इस्रोनं सोडलेल्या तिच्या उपग्रहात भारतात बनवलेलं अणुघड्याळ आहे.

आता जमीन मोजणीला रोव्हर नावाचं यंत्र येतं. तेही उपग्रहांच्या संकेतांवर चालतं. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल, तर मोजणीच्या दिवशी बांधावर स्वतः हजर राहा. यंत्र काय करतं, खूण कुठे आली, हे मोजणीदाराला विचारा. उंचावरचं घड्याळ आणि आपल्या हद्दीचा दगड यांचं नातं आता तुम्हाला ठाऊक आहे. विचारताना संकोच नको.

पुढच्या बैठकीला जाताना गाडीत पाण्याची बाटली तेवढी हातात धरून बघा, आणि पाणी कुठे चढलं ते इतर मैत्रिणींनाही दाखवा.