उज्जयिनीचे जुने शहर व शिंदेकालीन वास्तू

उज्जयिनीस जाणाऱ्या भाविकांचा बहुतेक वेळ श्रीमहाकालेश्वराच्या दर्शनाच्या रांगेत जातो आणि मंदिराभोवतीचे जुने शहर पाहावयाचे राहून जाते. वास्तविक हे शहर मराठी माणसास परके नाही.

मूळ मंदिर १२३४-३५ च्या सुमारास अल्तमशाच्या स्वारीत उद्ध्वस्त झाले. आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारले. राणोजींची छत्री रामघाटावर आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरीस हलविली. तथापि त्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी पुढे येथील भर बाजारपेठेत गोपाळमंदिर बांधले. त्याचे चांदीचे दरवाजे सोमनाथाचे असून महादजींनी ते परत आणले, असे सांगतात. या कथेस आम्ही इतिहास म्हणणार नाही. सोमनाथाचे म्हणून १८४२ साली इंग्रजांनी गझनीहून आणलेले दरवाजेही देवदाराचे निघाले व आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले.

वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री महाकालांची पालखी याच मंदिरात येते. तेथे हरीस बेल व हरास तुळस अर्पण होते. श्रावणातील सोमवारची सवारीही याच गल्ल्यांतून, गुदरी, ढाबा रोड, छत्री चौक, पटनी बाजार अशी फिरते. उत्तरेत महिना पौर्णिमेस संपतो. परंतु सवारी आपल्या पंचांगाप्रमाणे श्रावण अमावास्येपर्यंत, म्हणजे तेथील भाद्रपदातही, निघत राहते. शिंदेशाहीची ही खूण दगडी नाही, म्हणूनच कदाचित ती अधिक टिकली.

महाकालवनाचे जुने प्रवेशद्वार असलेला परमारकालीन चौबीस खंबा मंदिराजवळच आहे. तेथे महामाया व महालया या देवींचे स्थान आहे.

२०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीत जुन्या शहरातील रस्ते रुंद केले जात आहेत. लाखो यात्रेकरूंच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यक आहे, हे आम्ही जाणतो. परंतु मंदिराच्या जतनासाठी पैसा व कायदा दोन्ही मिळतात. शेजारच्या लाकडी सज्जाच्या घरास बहुधा दोन्ही मिळत नाहीत. सवारी ज्या गल्लीतून जाते, ती गल्ली म्हणजे हीच घरे होत. पाडण्यापूर्वी निदान त्यांची मोजमापे व छायाचित्रे घेऊन ठेवावीत, असे आमचे मत आहे.

प्रत्यक्ष लिंगाची झीज होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२० रोजी भाविकांनी ते हाताने चोळण्यास मनाई केली आहे. यात्रेस निघणाऱ्या सर्व भाविकांनी याची कृपया नोंद घ्यावी.