फिडल, पेलाभर पाणी आणि स्पेनचा उन्हाळा

प्रवासवर्णनें दोन प्रकारचीं असतात. पहिल्या प्रकारचा प्रवासी घरीं परततो आणि सामान नीट सोडण्याच्या आधींच लिहावयास बसतो. दुसऱ्या प्रकारचा प्रवासी तीस-पस्तीस वर्षें गप्प राहतो आणि केस पांढरे होऊं लागल्यावर तारुण्यांतील त्या एका उन्हाळ्याकडे वळून पाहतो. पाहिलेल्या गोष्टींची तंतोतंत यादी पहिल्याला देतां येते; दुसऱ्याला ती साधत नाहीं. परंतु पुढें काय घडलें हें पहिल्याला ठाऊक नसतें, दुसऱ्याला असतें. एवढ्या एका फरकामुळें तीच वाट, तींच शहरें आणि तींच माणसें निराळीं दिसूं लागतात.

या दुसऱ्या प्रकाराचें एक उत्तम उदाहरण म्हणजे इंग्रज कवि लॉरी ली याची स्पेनमधील पायपीट. ती झाली १९३५ सालीं आणि तिच्यावरील पुस्तक प्रसिद्ध झालें १९६९ सालीं. चालणारा तरुण २१ वर्षांचा होता. लिहिणारा गृहस्थ ५५ वर्षांचा होता.

लीचा जन्म १९१४ सालचा. इंग्लंडांतील ग्लॉस्टरशर परगण्यांत, स्लॅड नांवाच्या खेड्यांत तो वाढला. बाप घर सोडून गेलेला आणि आई मोठ्या कुटुंबाचा गाडा एकटीनें ओढणारी. १९३४ च्या जूनमध्यें आईचा निरोप घेऊन तो पायींच बाहेर पडला. सामान काय, तर एक लहानसा तंबू, कांबळ्यांत गुंडाळलेलें फिडल, कपड्यांचा एक जोड, थोडीं बिस्किटें आणि चीज. समुद्र त्यानें तोंवर पाहिलेला नव्हता, म्हणून प्रथम तो साउथॅम्प्टनला गेला आणि तेथून किनाऱ्याच्या वाटेनें पुढें लंडनला. लंडनमध्यें जवळजवळ वर्षभर त्यानें इमारतीच्या कामावर सिमेंटच्या हातगाड्या ढकलल्या. तें काम संपल्यावर जावें कोठें, हा प्रश्न उभा राहिला. उत्तर मिळालें स्पेन. आणि कारण इतकेंच कीं, स्पॅनिश भाषेंतील एक वाक्य त्याला येत होतें. तें वाक्य पेलाभर पाणी मागण्याचें होतें! चार पौंडांचें एकेरी तिकिट काढून १९३५ च्या जुलैंत तो स्पेनच्या वायव्येकडील व्हिगो बंदरांत उतरला.

व्हिगोपासून झामोरा, टोरो, व्हॅलाडोलिड, सेगोव्हिया, माद्रिद, टोलेडो, कॉर्डोव्हा, सेव्हिल आणि शेवटीं दक्षिणेच्या समुद्रावरील काडिझ, अशी ही वाट आहे. एवढ्या वाटेवर पोट भरलें तें फिडलनें. रस्त्यावर वाजवून पैसे मिळविण्याचेंहि एक शास्त्र असतें आणि तें ली साउथॅम्प्टनलाच शिकला होता. टोपींत आपल्याच पदरचीं एक-दोन नाणीं आधीं ठेवावीं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला पैसे टाकण्याची आठवण होते. परंतु टोपी भरूं देऊं नये, कारण भरलेल्या टोपीची कींव कोणालाच येत नाहीं. जलद गतीच्या सुरांपेक्षां संथ सूर फायद्याचे, कारण त्यांनीं माणसाचीं पावलें रेंगाळतात. स्पेनमध्यें भाषेचें काम या फिडलनेंच केलें.

परंतु त्या वाटेवरील खरा अनुभव उन्हाचा होता. मध्य स्पेन हें समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० ते ७०० मीटर उंचीचें पठार आहे. भोंवतालच्या डोंगररांगा समुद्रावरून येणारे दमट वारे अडवितात. त्यामुळें उन्हाळ्यांत रात्री सुखाच्या आणि दुपारी मात्र भाजून काढणाऱ्या असतात. म्हणूनच तेथील लोक दुपारीं दारें-खिडक्या लावून झोप घेतात. परक्या तरुणाला हें कोण सांगणार? व्हॅलाडोलिडकडे जातांना गव्हाच्या अफाट शेतांतून तो भर उन्हांत चालत राहिला आणि उन्हाच्या झळीनें त्याचा पुरता घात केला. पाण्याखेरीज दुसरा विचार मनांत उरला नाहीं. अखेर खेड्यांतील लोकांनीं त्याला पाणी पाजलें. लंडनमध्यें थट्टेसारखें वाटलेलें तें एकच वाक्य त्या दिवशीं जीवनमरणाचें झालें.

सेगोव्हिया येथें रोमन काळांतील एक प्रचंड जलसेतु आहे. त्याचे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसविलेले आहेत आणि त्याची सर्वांत अधिक उंची सुमारें २८ मीटर भरते. इतर प्रवासी अशा वास्तूपाशीं पानेंच्या पानें खर्च करतात. लीच्या आठवणींत मात्र अधिक जागा मिळाली आहे ती धर्मशाळांच्या अंगणांना, माद्रिदच्या गुत्त्यांना आणि भाकरीचा वांटा पुढें करणाऱ्या अनोळखी हातांना. चौतीस वर्षांच्या चाळणींतून खालीं राहिलें तें हेंच.

टोलेडो येथें एक विलक्षण भेट झाली. तो चौकांत फिडल वाजवीत असतां रॉय कॅम्बेल या दक्षिण आफ्रिकन कवीशीं त्याची गांठ पडली. कॅम्बेल तेव्हां बायको व मुलींसह त्या गांवीं राहत होता. त्यानें या धुळीनें माखलेल्या पोराला घरीं नेलें आणि आठवडाभर ठेवून घेतलें. रात्रीं उशिरापर्यंत मद्य, काव्य आणि गप्पा चालल्या.

त्या तरुणाला जें दिसत नव्हतें, तें येथें सांगितलें पाहिजे. स्पेनमध्यें १९३१ सालीं प्रजासत्ताक स्थापन झालें होतें. शेतमजुरांचें दारिद्र्य आणि जमीनदारांची सत्ता यांमधील तेढ मात्र सुटली नव्हती. फेब्रुवारी १९३६ मध्यें डाव्या पक्षांची आघाडी निवडणुकींत विजयी झाली आणि जुलैंत लष्करानें बंड केलें. ज्या टोलेडोंत वर्षापूर्वीं फिडल वाजलें होतें, तेथील अल्काझार किल्ल्याला दोन महिने वेढा पडला आणि त्याच्या भिंती ढांसळल्या. माद्रिदनें नोव्हेंबर १९३६ पासून मार्च १९३९ पर्यंत वेढा सोसला. यजमान कॅम्बेलनें फ्रँकोची बाजू घेऊन दीर्घकाव्य लिहिलें; पाहुण्यानें प्रजासत्ताकाची बाजू धरली आणि १९३७ च्या डिसेंबरांत तो पिरेनीज पर्वत ओलांडून पुन्हां स्पेनमध्यें शिरला. एका टेबलाशीं बसलेले दोघे असे दोन दिशांना गेले. तरीहि १९६९ च्या पुस्तकांत त्या यजमानाविषयीं कडवटपणा नाहीं. आठवणींत ममता आहे.

तरुणपणीं पाहिलेलें चौतीस वर्षांनीं लिहिलें तर तें खरें कसें मानावें, अशी शंका रास्त आहे. तेव्हांचे संवाद शब्दशः आठवणें अशक्यच. शिवाय लीनें युद्धकाळावर १९९१ सालीं जें पुस्तक लिहिलें, त्यांतील कांहीं प्रसंगांविषयीं अभ्यासकांत पुढें वाद झाला. तारखा, अंतरें आणि संभाषणें यांच्या बाबतींत स्मृतीवर फार विसंबूं नये हें खरें. परंतु तहान कशी लागली आणि पाणी कोणी दिलें, हें सहसा विसरलें जात नाहीं.

आणि वळून पाहणाऱ्यावर कांहीं जबाबदारीहि येते. लीनें १९३५-३६ चा हिवाळा भूमध्य समुद्राच्या कांठीं आल्मुन्येकार या कोळ्यांच्या गांवीं, एका हॉटेलांत काम करून व फिडल वाजवून काढला. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश युद्धनौकेनें त्याला तेथून उचलून नेलें. गांवकरी मात्र मागें राहिले. फेब्रुवारी १९३७ मध्यें मालागा पडल्यावर हजारों निर्वासित त्याच किनाऱ्याच्या रस्त्यानें आल्मेरियाकडे पळत सुटले आणि त्यांच्यावर समुद्रांतून व आकाशांतून भडिमार झाला. १९६९ सालीं स्पेनवर अद्याप फ्रँकोचीच सत्ता होती. आपल्या लिहिण्यानें जुन्या मित्रांना त्रास होऊं नये, म्हणून लीनें गांवाचें खरें नांव पुस्तकांत येऊं दिलें नाहीं. त्याऐवजीं 'कास्तिय्यो' असें नांव घातलें.

फ्रँको १९७५ सालीं वारला. लपवून ठेवलेलें नांव मग उघडपणें सांगतां आलें, आणि आल्मुन्येकारच्या लोकांनीं त्या फिडलवाल्याचें स्मारक आपल्या गांवांत उभारलें. १९९७ सालीं ली निवर्तला, तो आपल्या स्लॅड गांवींच. एके काळीं स्पेनमध्यें उतरतांना त्याच्यापाशीं पाणी मागण्यापुरतीच भाषा होती. ज्यांनीं तें पाणी दिलें, त्यांच्याविषयीं लिहितांना पुढें त्याला एक सबंध पुस्तक लागलें.