अंड्याआधी शेड तपासा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अंडी विकत घेताना आपण काय पाहतो? अंडे फुटलेले नाही ना, त्याला घाण लागलेली नाही ना, आणि फार तर दुकानदाराला विचारतो, ‘ताजी आहेत ना?’ आज ज्या जंतूविषयी बोलायचे आहे, तो या तिन्ही परीक्षांत पास होऊन आपल्या स्वयंपाकघरात येऊ शकतो. त्याचे नाव साल्मोनेला.

नावावरून कुणाला साल्मन मासा आठवेल. पण त्याचा इथे काही संबंध नाही. १८८५ च्या सुमारास अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ या संशोधकाने हा जंतू शोधला आणि पुढे नाव पडले ते त्यांचे वरिष्ठ डॅनियल साल्मन यांचे! या जंतूचे कुळ मोठे आहे. आपल्याला माहीत असलेला विषमज्वर, म्हणजे टायफॉईड, याच कुळातल्या एका जंतूमुळे होतो. पण तो फक्त माणसातच राहतो. पोल्ट्रीवाल्यांना ठाऊक असलेली पिल्लांची पांढरी हगवण हाही याच कुळाचा प्रताप. त्यात पिल्ले पटापट मरतात, म्हणून रोग लगेच लक्षात येतो.

अंड्यांतून माणसाला त्रास देणारा मुख्य प्रकार मात्र वेगळा आहे. त्याला साल्मोनेला एन्टेरिटायडिस म्हणतात. अंडी देणारी मोठी कोंबडी या जंतूने सहसा आजारी पडत नाही. ती खाते, पिते, अंडीही देते. जंतू तिच्या आतड्यात असतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि काही वेळा अंडाशयात व अंडनलिकेत शिरतो. मग कवच तयार होण्याआधीच तो अंड्याच्या आत गेलेला असतो. असे अंडे बाहेरून कितीही धुतले तरी काय उपयोग?

पण म्हणून घाबरून अंडी सोडून देण्याचे कारण नाही. जंतू असलेल्या कळपातल्या कोंबड्यांचीही बहुतेक अंडी निर्दोष असतात. अमेरिकेतल्या एका अंदाजानुसार सरासरी वीस हजार अंड्यांत एखादेच आतून दूषित निघते. ग्राहकाला यामुळे दिलासा मिळतो, पण तपासणाऱ्याची पंचाईत होते. वीस हजारांतले ते एक अंडे शोधायचे कसे? शंभर अंडी फोडून काही सापडले नाही, तर त्याचा अर्थ फारसा काही होत नाही. म्हणून जाणकार सांगतात, आधी अंडे तपासू नका, शेड तपासा.

शेडमध्ये हा जंतू कुठे कुठे असतो? पिंजऱ्याखाली साचलेल्या विष्ठेत, पंख्याच्या पात्यांवरच्या धुळीत, अंडी वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, खाद्याच्या कोठीत, कामगाराच्या बुटाच्या तळाला. कोरड्या धुळीतही तो महिनोन् महिने तग धरतो. त्याचे सगळ्यात मोठे वाहन म्हणजे उंदीर. उंदराच्या एकेका लेंडीत लाखावर जंतू आढळले आहेत, आणि एक उंदीर दिवसाकाठी पन्नासहून अधिक लेंड्या टाकतो. त्या खाद्याच्या पन्हळीत पडतात आणि कोंबडी त्या दाण्यासारख्या टिपते. जुना कळप विकला, शेड धुतली, नवा कळप आणला. पण भिंतीतले उंदीर तेच राहिले, तर रोग एका कळपाकडून दुसऱ्याकडे जातो. माश्या आणि खतात वाढणारे काळे भुंगेरे हेही तेच काम करतात.

याकडे दुर्लक्ष केले तर काय होते, हे २०१० साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दिसले. तिथल्या दोन कंपन्यांना त्या ऑगस्टमध्ये मिळून सुमारे ५५ कोटी अंडी बाजारातून परत मागवावी लागली. त्या उद्रेकाशी संबंधित म्हणून नोंदले गेलेले रुग्ण १,९०० हून अधिक होते. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक शेडवर गेले, तेव्हा पिंजऱ्यांखाली चार ते आठ फूट उंचीचे विष्ठेचे ढीग होते. काही ठिकाणी त्या ढिगाच्या भाराने दारे बाहेर ढकलली गेली होती. जिवंत उंदीर होते, माश्या आणि अळ्या होत्या. पिंजऱ्यातून सुटलेल्या कोंबड्या विष्ठेतून चालत होत्या. रुग्णांमध्ये सापडलेला जंतूच विष्ठेच्या नमुन्यांत आणि पिल्लांच्या खाद्यातही सापडला.

याहून गंभीर गोष्ट नंतर बाहेर आली. अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जी कागदपत्रे आली, त्यांत २००८ ते २०१० या काळातले शेडमध्ये साल्मोनेला सापडल्याचे चारशेहून अधिक अहवाल होते. म्हणजे धोक्याची घंटा वाजत होती, पण अंडी बाजारात जात राहिली. २०१५ मध्ये न्यायालयाने मुख्य कंपनीचे मालक ऑस्टिन डिकोस्टर आणि त्यांचे पुत्र पीटर यांना तीन-तीन महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली, आणि कंपनीला सुमारे ६८ लाख डॉलरचा दंड झाला.

योगायोग असा, की मोठ्या फार्मसाठीचा तिथला नवा नियम त्याच वर्षी ९ जुलैला लागू झाला होता. तोवर लोक आजारी पडू लागले होते. हा नियम शेडपासूनच सुरू होतो. पिल्ले तपासलेल्या कळपाचीच आणावीत, उंदीर-माश्यांचा बंदोबस्त करावा, कोंबड्या ४० ते ४५ आठवड्यांच्या झाल्या की शेडमधले नमुने तपासावेत. त्यात एन्टेरिटायडिस सापडला, तरच अंडी तपासायची. तीही दर दोन आठवड्यांनी एक हजार, अशी चार वेळा. शिवाय घातल्यापासून ३६ तासांत अंडी सुमारे सात अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात गेली पाहिजेत, कारण उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतो.

आता दुसरी गोष्ट ब्रिटनची. डिसेंबर १९८८ मध्ये आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री एडविना करी म्हणाल्या, की देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनाला साल्मोनेलाची बाधा आहे. अंड्यांची विक्री धाडकन कोसळली, उत्पादक संतापले आणि दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. त्यांनी ‘बहुतेक’ म्हटले ही अतिशयोक्ती होती, पण रोग खरा होता. पुढे उत्पादकांनीच शहाणपण दाखवले. १९९८ पासून सिंहाची मोहोर असलेल्या अंड्यांची योजना नव्याने सुरू झाली. त्यात कोंबड्यांना साल्मोनेलाची लस, शेडची स्वच्छता आणि तपासणी बंधनकारक झाली. रुग्णांची संख्या उतरत गेली. २०१७ मध्ये तिथल्या अन्नमानक संस्थेने जाहीर केले, की ही मोहोर असलेली अंडी गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांनीही अर्धी कच्ची खायला हरकत नाही. ज्या देशात अंड्यावरून मंत्री गेली, तिथे तीस वर्षांत विश्वास परत आला.

ब्रिटनची ही सवलत आपल्याला लागू नाही, कारण आपल्याकडे अंड्यांवर तशी मोहोर नाही. आपल्या पोल्ट्रीतही पिंजऱ्यांखाली विष्ठा साचते आणि खत म्हणून विकली जाते. अनेक ठिकाणी एकाच आवारात लहान-मोठ्या वयाचे कळप असतात, त्यामुळे सगळे फार्म एकदम रिकामे असे कधी होतच नाही. शेड रिकामी ठेवली की तेवढे दिवस उत्पन्न बंद, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. ही अडचण खरी आहे. तरीही काही गोष्टी कमी खर्चात होतात. खत वेळेवर काढावे आणि ते ओले राहू देऊ नये. शेडभोवतीचे गवत व भंगार हटवावे, म्हणजे उंदरांना आडोसा मिळत नाही. सांडलेले खाद्य झाडावे. प्रत्येक शेडचे गमबूट वेगळे ठेवावेत. खत भरायला आलेली गाडी पिल्लांच्या शेडपर्यंत नेऊ नये. धुतलेली शेड पूर्ण वाळल्यावरच नवा कळप घ्यावा. आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने शेडचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत.

घरी आपण काय करावे? अंडे पूर्ण शिजवावे, पिवळा बलक घट्ट होईपर्यंत. शिजवल्यावर हा जंतू मरतो. तडकलेली अंडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. अंडी धुऊन साठवू नयेत, कारण कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि ओलाव्याबरोबर घाण आत जाऊ शकते. कच्ची कोंबडी नळाखाली धुताना शिंतोडे उडतात, तेही टाळावे. त्याच सुरीने, त्याच पाटावर कोशिंबीर चिरू नये. अंडी फोडल्यावर हात साबणाने धुवावेत.

आणि सांभाळायचे ते कच्च्या अंड्याच्या मेयोनिजला. घरी एक दूषित अंडे एकाच माणसाला बाधेल. पण हॉटेलात शंभर अंडी एका पातेल्यात फोडली, की त्या एकाचे जंतू सगळ्यांच्या ताटात जातात. २०२३ मध्ये केरळने, २०२४ मध्ये तेलंगणाने आणि २०२५ मध्ये तमिळनाडूने अशा मेयोनिजवर बंदी घातली, ती याच भीतीने.

जुलाब, ताप, पोटात मुरडा ही या बाधेची लक्षणे. धडधाकट माणूस आठवडाभरात बरा होतो. पण तान्हे मूल, म्हातारी आई, गरोदर सून यांच्यासाठी हेच दुखणे जिवावर बेतू शकते. त्यांना जुलाबाबरोबर ताप असेल, तर घरगुती उपायांवर दिवस काढू नयेत. भरपूर मीठ-साखर-पाणी द्यावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

अंडे हे गरिबाला परवडणारे सकस अन्न आहे. ते ताटातून जाऊ नये, यासाठीच हा खटाटोप. एका टोकाला शेडमधला झाडू आणि दुसऱ्या टोकाला आपल्या चुलीवरचे उकळते पाणी, ही दोन्ही टोके सांभाळली तर मधली काळजी बरीच कमी होते.